गिरेबाज कबुतरांचे उड्डाण-प्रशिक्षण

गिरेबाज कबुतरांचे उड्डाण-प्रशिक्षण : उडत असताना हवेतच मागील बाजूस कोलांट्या घेणाऱ्या पाळीव कबुतरांना ढाबळीतून बाहेर पडण्याची, थव्याने उडण्याची व ठराविक वेळी ढाबळीत परतण्याची सवय लावण्याची पद्धती. कोलांटी घेण्याचा गुण या पक्ष्यांत उपजत असतो. तो शिकविता येत नाही व ज्या पक्ष्यात तो नाही त्याच्यात निर्माणही करता येत नाही. तथापि पक्षी भयमुक्तपणे आकाशात चढला नाही, तर हा गुण प्रकट होण्यास अवसरच मिळत नाही. आणि चढलेला पक्षी परतला नाही, तर पालकाचा सर्व खटाटोप वाया जातो. म्हणून बाहेर पडणे, वर उडणे व परत येणे या तीन क्रियांभोवतीच सर्व प्रशिक्षण उभारलेले असते.

‘गिरेबाज’ हा शब्द फार्सीतून आलेला असून कोलांटी घेणारा असा त्याचा अर्थ आहे. मराठीत कबुतरांच्या घराला ‘ढाबळ’ म्हणतात. कबुतरांच्या सर्व पाळीव जाती कोलंबा लिव्हिया या एकाच जातीपासून, म्हणजे डोंगरकड्यांत व जुन्या इमारतींत राहणाऱ्या पारव्यापासून, निपजलेल्या आहेत. कोलांटी घेणाऱ्या जातींचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात : हवेत एखाददुसरी कोलांटी घेऊन लगेच सावरणारी, अनेक कोलांट्या सलग घेत काही मीटर खाली येणारी, यांत इंग्लंडमधील ‘बर्मिंगहॅम रोलर’ ही जात प्रसिद्ध आहे, आणि उडणे जवळजवळ सोडून जमिनीवरच लोळणारी, यांत भारतातील लोटण कबुतर मोडते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पहिल्या दोन वर्गांचा विचार केला असून पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांसारख्या पठारी, कोरड्या प्रदेशात प्रशिक्षण कसे द्यावे लागते, हे उदाहरणादाखल दिले आहे.

इतिहास : भारतात कोलांटी घेणारी कबुतरे सोळाव्या शतकात सुविख्यात होती. अबुल फज्ल याने आईन-इ-अकबरी या ग्रंथात अकबराच्या कबुतरांचे सविस्तर वर्णन केले आहे. बादशहा या छंदाला ‘इश्कबाजी’ म्हणत असे. दरबारी वीस हजारांहून अधिक कबुतरे असून त्यांपैकी पाचशे खास गणली जात. त्यांच्या उड्डाणात ‘चर्ख’ व ‘बाजी’ असे दोन प्रकार मानले जात. निवडक पक्षी पंधरा चर्ख व सत्तर बाजी करीत, असा उल्लेख आहे. पूर्वी अकरा किंवा एकवीस पक्षी एकदम उडवीत. अकबराच्या काळी ही संख्या एकशे एकवर गेली. याच ग्रंथातील आणखी एक नोंद प्रशिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. छावणी हलली की वाहक ढाबळी उचलून नेत आणि कबुतरे त्यांच्या मागोमाग जात. वाटेत ती उतरून विसावा घेत व पुन्हा उडत. पक्ष्याचे नाते केवळ भूभागाशी नसते, तर दाणा व आसरा देणाऱ्या ढाबळीशीही जोडता येते, हे यावरून दिसते. पहिल्या महायुद्धात संदेशवाहक कबुतरांसाठी चाकांवरील फिरत्या ढाबळी वापरण्यात आल्या, त्यामागेही हेच तत्त्व होते.

चार्ल्स डार्विन यांनी १८५५ पासून स्वतः कबुतरे पाळली व लंडनमधील कबुतरपालकांच्या दोन मंडळांचे ते सभासद झाले. पाळीव प्राणी व वनस्पती यांतील भेदांवरील आपल्या ग्रंथात (१८६८) त्यांनी भारतीय लोटण व हवेत कोलांटी घेणारी कबुतरे यांची चर्चा केली असून या वर्तनाची गणना आनुवंशिक सवयींच्या अत्यंत लक्षणीय उदाहरणांत केली आहे. एखाद्या पक्ष्यात अकस्मात दिसलेली विचित्र हालचाल पालकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडीने वाढविली असावी, असा त्यांचा तर्क होता. पुढे बर्मिंगहॅम परिसरातील कारागीर व कामगार यांनी लांब पल्ल्याच्या, वेगवान कोलांट्या घेणारी जात सिद्ध केली. तेथील विल्यम पेन्सम या पालकाच्या ढाबळीतील पक्षी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत गेले व तेथील अनेक वंशावळींचे मूळ ठरले.

कोलांटीचे स्वरूप : कोलांटी घेण्यापूर्वी पक्षी क्षणभर गती कमी करतो, शेपटी पसरतो, पंख वर उचलतो आणि मागे उलटतो. उत्तम पक्ष्याच्या कोलांट्या इतक्या शीघ्र असतात, की पाहणाऱ्यास पंख व शेपटी वेगळी न दिसता एक फिरता चेंडू खाली येत असल्याचा भास होतो. काही मीटर खाली आल्यावर पक्षी स्वतःला सावरतो व पुन्हा थव्याकडे वर चढतो. सावरण्याची क्रिया कोलांटीइतकीच महत्त्वाची आहे. जो पक्षी वेळेवर सावरू शकत नाही तो छपरावर, तारांवर वा जमिनीवर आदळून मरतो.

कोलांटी न घेणाऱ्या जातीशी संकर केल्यास पहिल्या पिढीतील संततीत हा गुण सामान्यतः दिसत नाही. पुढील पिढीत तो काही पक्ष्यांत पुन्हा प्रकट होतो. त्यामुळे तो अप्रभावी स्वरूपाचा असल्याचे मानतात. एन्ट्रिकिन व अर्वे यांच्या १९७२ मधील आनुवंशिक अभ्यासाने या मतास आधार मिळाला. मात्र एकाच वंशातील पक्ष्यांत कोलांट्यांची संख्या व खोली यांत पुष्कळ फरक असतो. यावरून मुख्य गुणाबरोबर इतर अनेक जीनांचाही प्रभाव असावा, हे उघड आहे. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून जमिनीवर लोळणाऱ्या जातीच्या वर्तनात सेरोटोनिन या मेंदूतील रासायनिक द्रव्याचा संबंध सूचित झाला. पारव्याचा जीनोम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर अमेरिकेतील यूटा विद्यापीठात या प्रश्नाचा आधुनिक तंत्रांनी अभ्यास सुरू झाला आहे. कोलांटी हा पक्ष्याचा खेळ आहे, की मज्जासंस्थेतील वैगुण्य, हा वाद जुना आहे. पक्षी कोलांटीपूर्वी उंची गाठतो व नंतर सावरतो, हे पहिल्या मताचे समर्थक सांगतात. अतिखोल कोलांटी घेणाऱ्या पक्ष्यास ती रोखता येत नाही, याकडे दुसरे बोट दाखवितात.

घरपरतीची क्षमता : कबुतराची परत येण्याची क्षमता सर्वपरिचित आहे. ओडिशा पोलिसांनी १९४६ मध्ये सुरू केलेली कपोतसेवा याच क्षमतेवर आधारलेली होती. जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाफ क्रामर यांनी १९५० नंतरच्या दशकात पक्षी सूर्याचा उपयोग होकायंत्रासारखा करतात, हे दाखविले. अमेरिकेतील विल्यम कीटन यांनी १९७१ मध्ये ढगाळ दिवशी लोहचुंबक बांधलेली कबुतरे भरकटतात, असे नोंदविले. तर इटलीतील फ्लोरियानो पापी व त्यांचे सहकारी यांनी १९७२ मध्ये वासाचे महत्त्व पुढे आणले. याखेरीज नदी, रस्ते, झाडे व इमारती अशा ओळखीच्या खुणांचाही उपयोग होतो. मात्र संदेशवाहक कबुतरांत ही क्षमता शेकडो वर्षांच्या निवडीने वाढविलेली असते. गिरेबाज पक्ष्यांची निवड कोलांटीसाठी झालेली असल्याने त्यांच्यात ती तुलनेने कमी असते. वाऱ्याने काही किलोमीटर दूर गेलेला तरुण गिरेबाज पक्षी पुष्कळदा परतत नाही. म्हणूनच ढाबळीच्या परिसराची ओळख पिलास लहान वयातच करून देणे अगत्याचे असते.

ढाबळ : वीस पक्ष्यांच्या थव्यासाठी सु. १·२ मी. लांब, तितकीच रुंद व उंच ढाबळ पुरते. विणीच्या जोड्यांची व उडविण्याच्या पक्ष्यांची जागा वेगळी असावी. ढाबळ कोरडी, हवेशीर व जमिनीपासून उंच असावी. मांजर, मुंगूस, घूस व साप यांना तीत शिरकाव मिळू नये. उन्हाळ्यात पत्र्याचे छप्पर अतिशय तापते, म्हणून त्यावर गवत, पाचट किंवा पोत्यांचा थर देतात. प्रवेशद्वारापुढे पक्ष्यास उतरण्यासाठी रुंद फळी असते. दारास आतल्या बाजूस झुलणाऱ्या सळ्या लावतात. पक्षी त्या ढकलून आत येऊ शकतो, पण बाहेर जाऊ शकत नाही. काही पालक ढाबळीशेजारी उंच खांबावर लाकडी चौकटीची ‘छत्री’ उभारतात. उच्च उड्डाणाच्या जातींसाठी ती उपयोगी असली, तरी गिरेबाज पक्ष्यांस बाहेर बसून राहण्याची सवय लागू नये म्हणून तिचा वापर बेतानेच करावा.

प्रादेशिक परिस्थिती : घोड नदीकाठचे शिरूर व भीमेकाठचे दौंड ही गावे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील पठारावर वसलेली आहेत. भूभाग बराचसा सपाट व उघडा असल्याने थवा दूरवरून दिसतो आणि पक्ष्यासही ढाबळ दुरून हेरता येते. रब्बी ज्वारी व खरीप बाजरी ही या भागाची पारंपरिक पिके असल्याने कबुतरांना लागणारे मुख्य धान्य जवळच मिळते. खडकवासल्याच्या कालव्यामुळे दौंड तालुक्याचा मोठा भाग उसाखाली आला आहे. दाट उसात उतरलेला पक्षी दिसत नाही व रानमांजर, मुंगूस यांच्या तडाख्यात सापडतो. दौंड येथील लोहमार्गांच्या विद्युत्‌तारा आणि रांजणगाव व कुरकुंभ या औद्योगिक क्षेत्रांकडे जाणाऱ्या उच्च दाबाच्या वाहिन्या या कोलांटी घेत खाली येणाऱ्या पक्ष्यास घातक ठरू शकतात. ढाबळीची जागा निवडताना वाऱ्याच्या बाजूस किमान काही अंतरावर तारा नाहीत, याची खात्री करून घ्यावी.

ऋतूंचा विचार तितकाच आवश्यक आहे. जून-जुलैमध्ये पश्चिमेकडील वारे पठारावर जोराने वाहतात व नवख्या पक्ष्यांना लांब रेटतात. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग जमून क्षणात वावटळ उठते. हिवाळ्यात आकाश निरभ्र व हवा स्थिर असते, परंतु याच काळात उजनी जलाशय व भोवतालच्या माळरानांवर स्थलांतर करून आलेले शिकारी पक्षी वावरत असतात. या सर्वांचा मेळ घालता जानेवारी-फेब्रुवारीत अंड्यांतून निघालेली पिले फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रथम बाहेर काढणे या प्रदेशात सोयीचे असते. तोवर वळीव सुरू झालेला नसतो व पाहुणे शिकारी पक्षी परतू लागलेले असतात.

प्रशिक्षणाचे टप्पे : (१) ओळख : मादी एका वेळी दोन अंडी घालते, ती १७ ते १९ दिवसांत उबतात. नर व मादी दोघेही पिलांना प्रथम अन्नपिशवीतील दुधासारखा स्राव व नंतर दाणे भरवितात. साधारणपणे आठव्या दिवशी पायात क्रमांकाचे कडे घालतात. चार ते पाच आठवड्यांचे पिलू स्वतः दाणे टिपू लागले, की त्यास आईबापांपासून वेगळे करून उडविण्याच्या ढाबळीत आणतात. पहिल्या दिवसापासून दाणा देताना एकच खूण करावी. शीळ घालणे किंवा डब्यात दाणे खुळखुळविणे या खुणा रूढ आहेत. काही दिवसांतच पिलू खूण ऐकताच धावत येते. ही खूण पक्की होईपर्यंत पुढील टप्पा सुरू करू नये.

(२) जाळीतून दर्शन : उतरण्याच्या फळीवर तारेच्या जाळीचा पिंजरा बसवून पिलांना रोज काही वेळ त्यात सोडतात. येथून त्यांना ढाबळीचे छप्पर, आसपासची घरे व झाडे आणि आकाश दिसते. सळ्यांचे दार ढकलून आत येण्याचा सरावही येथेच होतो. पाच ते सात दिवस हा क्रम चालवावा. सरावासाठी प्रारंभी सळ्या वर बांधून ठेवतात व हळूहळू एकेक खाली सोडतात.

(३) पहिली मोकळीक : पिलांच्या पंखांत पुरते बळ येण्यापूर्वीच, म्हणजे सहाव्या आठवड्याच्या सुमारास, त्यांना प्रथम मोकळे सोडावे. उशीर झाल्यास बळकट झालेले पिलू पहिल्याच झेपेत दूर जाते, पण परतीची वाट त्यास ठाऊक नसते. आदल्या दिवशी दाणा कमी द्यावा. पाणी मात्र कधीही तोडू नये. सूर्यास्तापूर्वी सु. एक तास, निवांत वेळी, जाळी उचलून पिलांना स्वतःहून बाहेर येऊ द्यावे. भूक व ओसरता उजेड या दोन्हींमुळे ती ढाबळीजवळ राहतात. पिलांना हातात धरून वर फेकणे, टाळ्या वाजविणे, दगड किंवा फडके फेकणे यांपैकी काहीही या दिवसांत करू नये. भेदरलेले पिलू समोर दिसेल त्या दिशेने उडते आणि पहिल्या सोडण्यात जे पक्षी हरवितात, त्यांतील बहुतेक अशा भयानेच हरवितात. अर्ध्या तासाने खूण करून पिलांना आत घ्यावे व मगच दाणा द्यावा. आकाशात वळवाचे ढग असतील, तर त्या दिवशी जाळी उचलूच नये.

(४) स्वेच्छेची उड्डाणे : पहिले काही दिवस पिले छपरावर चढतात, पंख फडफडवितात व लहान फेऱ्या मारतात. एकाने झेप घेतली की इतर मागोमाग जातात. आठवडा-दोन आठवड्यांत ती ढाबळीभोवती वर्तुळाकार फिरू लागतात. या वेळी अनुभवी, पण वयाने फार मोठा नसलेला एखादा पक्षी सोबत सोडल्यास पिले लवकर वर चढतात. आळशी पक्ष्याची सोबत मात्र अपायकारक असते, कारण छपरावर बसण्याची सवय पिले तितक्याच तत्परतेने उचलतात.

(५) थवा बांधणे : पिले रोज उडू लागली की बसून राहणाऱ्यांस उठविण्यासाठी बांबूला बांधलेले फडके हलविण्यास हरकत नाही. फडके दिसले की उडायचे व खूण ऐकली की उतरायचे, हा भेद पक्ष्यांस स्पष्ट झाला पाहिजे. दोन्ही एकाच वेळी वापरल्यास पक्षी गोंधळतात. पंधरा ते वीस पक्ष्यांचा थवा नियंत्रणास सोपा असतो. परदेशी स्पर्धांमध्ये वीस पक्ष्यांचा थवा उडवून त्यांतील अनेक पक्ष्यांनी एकाच क्षणी घेतलेल्या कोलांट्या, त्यांची खोली व सफाई यांवरून गुण देतात. थव्यापासून नेहमी दूर उडणारा पक्षी काढून टाकावा. त्याच्यामुळे संपूर्ण थवा विस्कळीत होतो व शिकारी पक्ष्यासही असा एकटा पक्षी सोपा असतो. उड्डाण वीस मिनिटांपासून एक तासापर्यंत पुरे. उच्च उड्डाणाच्या जातींतील पक्षी स्पर्धांत दिवसभर, किंबहुना वीस तासांहूनही अधिक काळ हवेत राहतात. गिरेबाज पक्ष्यांकडून तशी अपेक्षा करणे गैर होय.

कोलांटीचा आरंभ : साधारणपणे तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान पक्षी हवेत मागे कलू लागतो, शेपटीवर बसल्यासारखा घसरतो व एखादी अर्धी कोलांटी घेतो. काही वंशांत याला एक वर्षही लागते. प्रारंभी पक्षी स्वतःच घाबरतो व काही दिवस उडण्यास नाखूश असतो; अशा वेळी त्यास विश्रांती द्यावी. फार लहान वयात खोल कोलांट्या घेऊ लागलेले पक्षी पुष्कळदा आदळून मरतात, म्हणून अनुभवी पालक त्यांना काही आठवडे उडवीत नाहीत. सावकाश उमलणारा पक्षी दीर्घकाळ टिकतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

आहार : सु. २५० ग्रॅ. वजनाच्या पक्ष्यास रोज २५ ते ३० ग्रॅ. दाणा पुरतो. उडणाऱ्या पक्ष्यांसाठी ज्वारी, गहू व बाजरी यांचे मिश्रण योग्य असते. या धान्यांनी पक्षी हलका व आज्ञाधारक राहतो. हरभरा, वाटाणा, मूग व मसूर यांसारखी प्रथिनयुक्त कडधान्ये विणीच्या जोड्यांना व पिसे झडण्याच्या काळात सर्वांना द्यावीत. मका व तेलबिया यांचे प्रमाण वाढल्यास पक्षी लठ्ठ होतो आणि बाहेर पडण्याचा कंटाळा करतो. शिंपल्यांचा चुरा, विटेचा बारीक चुरा व थोडे मीठ यांचे मिश्रण वेगळ्या भांड्यात ठेवतात. दाणा नेहमी उड्डाणानंतरच द्यावा. उपासमार म्हणजे शिस्त नव्हे. फार भुकेला पक्षी वर चढत नाही व कोलांटीनंतर सावरण्याचे बळही त्याच्यात राहत नाही.

ढाबळ न सोडणारे पक्षी : काही पक्षी दार उघडे असूनही बाहेर येत नाहीत किंवा आले तरी छपरावरच बसतात. यावर उपाय करण्यापूर्वी कारण शोधावे. लठ्ठपणा हे सर्वांत नेहमीचे कारण असून दाणा बदलल्याने ते आठवड्याभरात दूर होते. विणीच्या काळात नर मादीमागे व मादी घरट्याकडे ओढली जाते; म्हणून उडविण्याच्या पक्ष्यांत नर व मादी वेगळे ठेवतात. पंखांतील मोठी पिसे झडत असताना उडणे कष्टाचे असते. या काळात पक्ष्यास सक्ती करू नये. आदल्या दिवशी ससाण्याने थव्यावर झडप घातली असेल, तर पक्षी कित्येक दिवस बाहेर पाहून आत शिरतात. त्यांना तीन-चार दिवस बंद ठेवून पुन्हा जाळीच्या टप्प्यापासून सुरुवात करावी. आजार हे शेवटचे, पण कधीही दुर्लक्षू नये असे कारण आहे. निरोगी पक्षी भीतीने उडविला, तर तो एकदा उडेल. परंतु ढाबळ हे भयाचे ठिकाण अशी त्याची समजूत झाली, तर पुढे तो परतण्याचे टाळील.

विकत घेतलेल्या प्रौढ पक्ष्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना पूर्वीच्या ढाबळीची ओढ असते व संधी मिळताच ते तिकडे जातात. पंखांची काही पिसे दोऱ्याने बांधून त्यांना छपरावर फिरू देण्याची जुनी रीत आहे. पण बांधलेला पक्षी मांजरापासून पळू शकत नाही व दोरा घट्ट बसल्यास पंखास इजा होते. असे पक्षी मोकळे न सोडता केवळ विणीसाठी ठेवावेत आणि त्यांची पिले शिकवावीत, हाच निर्धोक मार्ग होय.

शिकारी पक्षी व इतर धोके : बहिरी ससाणा, शाहीन ससाणा व मोरघार हे कबुतरांचे प्रमुख शत्रू असून शिक्राही नवख्या पिलांवर झडप घालतो. कोलांटी घेताना थव्यापासून तुटून खाली येणारा पक्षी शिकाऱ्याचे लक्ष तत्काळ वेधून घेतो; मनुष्याने शोभेसाठी वाढविलेला गुण येथे पक्ष्याच्या जिवावर उठतो. जमीन तापून हवेचे ऊर्ध्वप्रवाह सुरू झाले, की घारी, गरुड यांसारखे पक्षी आकाशात घिरट्या घालू लागतात. म्हणून थवा तयार झाल्यावर उड्डाणाची वेळ सकाळी लवकर, ऊन चढण्यापूर्वीची ठेवावी. वेळ अधूनमधून बदलावी आणि ससाणा वारंवार दिसू लागल्यास काही आठवडे उड्डाण थांबवावे. शिकारी पक्ष्यांना मारणे, पकडणे वा विष घालणे हा वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. अमेरिकेत २००७ मध्ये काही गिरेबाजपालकांवर ससाणे मारल्याबद्दल खटले भरण्यात आले व या छंदाची मोठी नाचक्की झाली. माळरानावरील उंदीर-घुशींना आळा घालणारे हे पक्षी शेतकऱ्यास उपकारकच असतात.

संक्रांतीच्या सुमारास पतंगांचा मांजा कबुतरांच्या पंखांस व मानेस कापतो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली असली, तरी त्याचा चोरटा वापर आढळतो. या दिवसांत थवा बंद ठेवणे श्रेयस्कर.

आरोग्य : मान वाकडी होणे, तोल जाणे व दाणा नीट टिपता न येणे ही कबुतरांतील पॅरामिक्झो विषाणुजन्य रोगाची लक्षणे आहेत. नवखा पालक त्यांना कोलांटीचा आरंभ समजण्याची शक्यता असते. कोलांटी घेणारा पक्षी जमिनीवर मात्र पूर्णपणे स्वाभाविक वागतो, हा भेद लक्षात ठेवावा. या रोगावर प्रतिबंधक लस आहे. घशात पिवळसर थर आणणारा ट्रायकोमोनास या सूक्ष्मजीवाचा रोग दूषित पाण्यातून पसरतो. नवा पक्षी थव्यात सोडण्यापूर्वी किमान दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा.

पालकाच्या आरोग्याचा प्रश्नही गंभीर आहे. वाळलेली विष्ठा व पिसांवरील भुकटी दीर्घकाळ श्वसनावाटे शरीरात गेल्याने काही व्यक्तींच्या फुप्फुसांना अधिहर्षताजन्य दाह होतो व कालांतराने कायमची इजा पोहोचते. याच कारणास्तव मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचा निर्णय २०२५ मध्ये घेण्यात आला व तो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. मोकाट पारव्यांना रस्त्यावर दाणे टाकणे व मर्यादित पक्षी स्वच्छ ढाबळीत पाळणे या भिन्न गोष्टी असल्या, तरी धोक्याचे स्वरूप एकच आहे. ढाबळ साफ करताना पाण्याचा हलका शिडकावा करून धूळ बसवावी, नाकातोंडावर योग्य मुखपट बांधावा आणि ढाबळ राहत्या खोलीला लागून नसावी. सतत कोरडा खोकला वा धाप लागत असल्यास पालकाने वैद्यास आपल्या छंदाची माहिती आवर्जून द्यावी.

निवडीची मर्यादा : अधिक खोल, अधिक वेगवान कोलांटीसाठी सतत निवड करीत गेल्यास सावरू न शकणाऱ्या पक्ष्यांचे प्रमाण वाढते. जमिनीवरील लोटण जाती ही या मार्गाची अखेरची पायरी मानता येईल. तेथे पक्षी उडणेच गमावून बसतो. म्हणून विणीसाठी जोड्या निवडताना केवळ कोलांटीची खोली न पाहता दोन-तीन हंगाम नियमितपणे उडून सुरक्षित परतलेलेच पक्षी घ्यावेत, असा जाणत्या पालकांचा दंडक आहे. वारंवार आदळणारा पक्षी कितीही प्रेक्षणीय असला, तरी त्याचे उड्डाण बंद करावे व त्याची वीण घेऊ नये. एखाद्या ढाबळीची प्रतवारी तिच्यातील पक्ष्यांनी किती कोलांट्या घेतल्या, यापेक्षा वर्षाअखेर किती पक्षी सुखरूप राहिले यावरून करणे अधिक योग्य ठरते.